पोर्टऑडिओ इन्स्टॉल करताना: विंडोज, मॅक, लिनक्स आणि रास्पबेरी पाय

मायक्रोफोनमधून आवाज घेणारा किंवा स्पीकरवर आवाज सोडणारा प्रोग्रॅम लिहायचा तर प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमची आवाजाची व्यवस्था वेगळी. विंडोजवर एमएमई, डायरेक्टसाउंड, वासापी, डब्ल्यूडीएम-केएस आणि एएसआयओ असे पाच रस्ते आहेत, मॅकवर कोअर ऑडिओ, लिनक्सवर अल्सा आणि जॅक. पोर्टऑडिओ ही सी भाषेतली मोफत, मुक्तस्रोत लायब्ररी या सगळ्यांवर एकच आवरण घालते. रॉस बेन्सिना आणि फिल बर्क यांनी ती २००१ साली मांडली. ऑडॅसिटी आवाजासाठी हीच वापरते, आणि पायथनमधली पायऑडिओ व साउंडडिव्हाइस ही दोन्ही पॅकेजं हिच्याच खांद्यावर उभी आहेत. परवाना एमआयटी धाटणीचा असल्यामुळे व्यावसायिक प्रोग्रॅममध्येही ती निर्धास्त वापरता येते.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. इन्स्टॉलर त्रुटीशिवाय संपला म्हणजे काम झालं असं नाही. उपकरणांच्या यादीत योग्य नावं दिसली, स्पीकरमधून चाचणीचा सूर ऐकू आला आणि मायक्रोफोनमधून शून्याखेरीज काही आकडे आले, की मगच लायब्ररी बसली म्हणायचं. खाली प्रत्येक सिस्टिमसाठी तिथपर्यंतचा रस्ता दिला आहे.

आज्ञा वाचण्याबद्दल: इथे आज्ञा, पॅकेजांची नावं आणि पत्ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहा. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे सगळी अक्षरं लहान. 'पीए_' ने सुरू होणाऱ्या फंक्शनच्या नावांत मात्र प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं. आडवी रेघ, अधोरेषा, टिंब आणि तिरकी रेघ जिथे दिसते तिथे तशीच द्यायची.

सुरू करण्याआधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न: तुम्हाला तयार प्रोग्रॅम फक्त चालवायचा आहे, की पोर्टऑडिओ वापरून काही कंपाइल करायचं आहे? चालवायला नुसती लायब्ररीची फाइल पुरते. ती विंडोजवर डीएलएल, मॅकवर डायलिब आणि लिनक्सवर एसओ असते. कंपाइल करायला त्याशिवाय 'पोर्टऑडिओ.एच' ही हेडर फाइल लागते. लिनक्सवर या दोन गोष्टी वेगवेगळ्या पॅकेजांत असतात, आणि निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच सापडतं.

दुसरा प्रश्न: तुमचा कंपायलर किंवा पायथन ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा? इंटेल प्रोसेसरसाठी बांधलेला आहे की आर्मसाठी? लायब्ररी आणि ती बोलावणारा प्रोग्रॅम एकाच घडणीचे हवेत. मशीन ६४ बिटचं आहे एवढं बघून चालत नाही, कारण ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचा पायथन अगदी सुखाने चालतो. खात्री करायची तर पायथनमध्ये प्लॅटफॉर्म मॉड्यूल आयात करून 'प्लॅटफॉर्म.आर्किटेक्चर()' आणि 'प्लॅटफॉर्म.मशीन()' यांचं उत्तर छापून बघा.

तिसरा प्रश्न, आणि हाच बहुतेक जण विसरतात: तुमच्या प्रतीत कोणते होस्ट एपीआय, म्हणजे अल्सा किंवा वासापीसारखे सिस्टिमचे आवाजाचे रस्ते, कंपाइल केलेले आहेत? पोर्टऑडिओ स्वतः आवाज वाजवत नाही, ती अल्साला किंवा वासापीला सांगते. बांधणीच्या वेळी अल्साची हेडर फाइल सापडली नाही, तर लायब्ररी अल्साशिवायच तयार होते, कुठलीही ओरड न करता. मग प्रोग्रॅम सुरू होतो, उपकरणं मात्र शून्य दिसतात.

पायथनवाल्यांसाठी जवळचा रस्ता

पायथनच वापरणार असाल आणि पायऑडिओवर लिहिलेला जुना कोड सांभाळायचा नसेल, तर साउंडडिव्हाइस निवडा. तिच्या विंडोज आणि मॅकच्या व्हीलमध्ये (आधीच बांधलेल्या पॅकेज फाइलमध्ये) पोर्टऑडिओ आतच बांधलेली असते, त्यामुळे कंपायलर लागत नाही. पायऑडिओच्या तयार व्हील फक्त विंडोजसाठी मिळतात. मॅक आणि लिनक्सवर ती तुमच्याच मशीनवर कंपाइल होते, म्हणजे कंपायलर आणि दोन्ही हेडर, पोर्टऑडिओची आणि पायथनची, आधी हजर असावी लागतात.

कोणत्याही सिस्टिमवर आधी स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजांसाठी वेगळी जागा) बनवा: 'पायथन३ -एम व्हेन्व्ह ऑडिओ-एन्व्ह'. लिनक्स आणि मॅकवर ते 'सोर्स ऑडिओ-एन्व्ह/बिन/ॲक्टिव्हेट' या आज्ञेने सुरू होतं. विंडोजवर पहिल्या आज्ञेत 'पायथन३' ऐवजी 'पाय' लिहा आणि ते 'ऑडिओ-एन्व्ह\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट' ने सुरू करा. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये थेट पिप (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) चालवलं, तर 'एक्स्टर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्नमेंट' अशी त्रुटी येते. ती टाळायला 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' हा पर्याय वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका. सिस्टिमची स्वतःची साधनं त्याच पायथनवर चालतात, आणि तिथे आवृत्त्या बदलल्या की बिघाड भलत्याच ठिकाणी उगवतो.

एन्व्हायर्नमेंट सुरू झालं की 'पायथन -एम पिप इन्स्टॉल साउंडडिव्हाइस नमपाय'. नुसतं 'पिप' न लिहिता 'पायथन -एम पिप' लिहिण्याचं कारण असं की मशीनवर दोन-तीन पायथन असतील तर पिप एकात बसवतं आणि तुम्ही चालवता दुसऱ्यात. नमपाय सक्तीचं नाही, पण रेकॉर्ड केलेला आवाज ॲरे म्हणून हाताळायचा असेल तर ते लागतंच.

लिनक्सवर एवढ्यावर भागत नाही. तिथल्या व्हीलमध्ये पोर्टऑडिओ नसते, म्हणून आयात करताच 'पोर्टऑडिओ लायब्ररी नॉट फाउंड' असा ओएसएरर येतो. उपाय पिपमध्ये नसून सिस्टिमच्या पॅकेज मॅनेजरमध्ये आहे. तो पुढे लिनक्सच्या भागात येईल.

विंडोज

सी किंवा सी++ मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ वापरत असाल तर सर्वांत कमी त्रासाचा मार्ग व्हीसीपीकेजीचा, म्हणजे सी आणि सी++ लायब्ररींच्या पॅकेज मॅनेजरचा. आधी व्हिज्युअल स्टुडिओच्या इन्स्टॉलरमध्ये 'डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी++' हा भाग निवडलेला असल्याची खात्री करा. मग व्हीसीपीकेजीची रिपॉझिटरी गिटने क्लोन करा, शक्यतो नावात रिकामी जागा नसलेल्या छोट्या पत्त्यावर. त्या फोल्डरमध्ये 'बूटस्ट्रॅप-व्हीसीपीकेजी.बॅट' चालवा आणि त्यानंतर:

'व्हीसीपीकेजी इन्स्टॉल पोर्टऑडिओ:एक्स६४-विंडोज'

शेवटचा 'एक्स६४-विंडोज' हा भाग मुद्दाम लिहा. जुन्या व्हीसीपीकेजीमध्ये तो गाळला की ३२ बिटची लायब्ररी तयार होत असे. सीमेक (बांधणीची मांडणी करणारं साधन) वापरत असाल तर टूलचेन फाइल म्हणून व्हीसीपीकेजीच्या फोल्डरमधली 'स्क्रिप्ट्स/बिल्डसिस्टिम्स/व्हीसीपीकेजी.सीमेक' द्या, आणि प्रकल्पाच्या सीमेक फाइलमध्ये 'फाइंड_पॅकेज(पोर्टऑडिओ कॉन्फिग रिक्वायर्ड)' लिहा. त्यातला 'कॉन्फिग रिक्वायर्ड' हा भाग मोठ्या अक्षरांत. सीमेक एकदा टूलचेनशिवाय चालवला असेल तर बिल्ड फोल्डर पुसून पुन्हा सुरुवात करा, कारण टूलचेनची नोंद पहिल्या फेरीतच कॅशमध्ये बसते आणि नंतर दिलेला पर्याय लागू होत नाही.

जीसीसी हा कंपायलर आवडत असेल तर एमएसवायएस२ (विंडोजवर तो पुरवणारी व्यवस्था) घ्या. तिथे यूसीआरटी६४ नावाचं टर्मिनल उघडून 'पॅकमॅन -एस मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४-यूसीआरटी-एक्स८६_६४-पोर्टऑडिओ' ही आज्ञा द्या. त्यातला 'एस' मोठा. त्या टर्मिनलखेरीज दुसऱ्यात कंपाइल करायला गेलात तर हेडर सापडणार नाही. एमएसवायएस२ चं प्रत्येक टर्मिनल आपापल्या फोल्डरकडे बघतं.

स्रोतापासून बांधायचं तर संकुल (स्रोतकोडची आवळलेली फाइल) उलगडा आणि त्या फोल्डरमध्ये 'सीमेक -एस . -बी बिल्ड -ए एक्स६४' आणि मग 'सीमेक --बिल्ड बिल्ड --कॉन्फिग रिलीज' द्या. पहिल्या आज्ञेतले 'एस', 'बी' आणि 'ए' हे तीन पर्याय आणि 'रिलीज'चं पहिलं अक्षर मोठं. चाचणीचे प्रोग्रॅमही हवे असतील तर पहिल्या आज्ञेला 'पीए_बिल्ड_एक्झाम्पल्स' हा पर्याय 'ऑन' करून जोडा. त्याचं नाव पूर्ण मोठ्या अक्षरांत असतं आणि आधी '-डी' लागतो, तोही मोठा.

एएसआयओ हवं असेल तर श्रम जास्त. स्टाइनबर्गचं एसडीके त्यांच्या अटी मान्य करून वेगळं उतरवावं लागतं आणि पोर्टऑडिओच्या फोल्डरशेजारी ठेवून सीमेकला दाखवावं लागतं. तयार मिळणाऱ्या बऱ्याच प्रतींमध्ये एएसआयओ नसतो तो यामुळेच. खरी गरज तपासा. गिटार वाजवताना लगेच ऐकू यायला हवं, किंवा आठ चॅनलचं इंटरफेस एकदम वापरायचं असेल, तर एएसआयओ आवश्यक. बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर वासापी पुरेसा आहे. साउंडडिव्हाइसच्या ०.५ पासूनच्या विंडोज व्हीलमध्ये एएसआयओ असलेली प्रत झाकून ठेवलेली असते. 'एसडी_एनेबल_एएसआयओ' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ केला की ती वापरात येते. तो मॉड्यूल आयात करण्याच्या आधी ठरवावा लागतो.

विंडोजवर ठरलेली बिघाडस्थानं अशी. लिंकर 'अनरिझॉल्व्ह्ड एक्स्टर्नल सिम्बॉल' म्हणत असेल, तर तक्रारीतल्या फंक्शनच्या नावाकडे नीट बघा. 'पीए_इनिशियलाइझ'च्या आधी एक अधोरेषा दिसत असेल तर तुमचा प्रोग्रॅम ३२ बिटचा बांधला जातो आहे. ६४ बिटमध्ये ती अधोरेषा नसते. सोबत एलएनके४२७२ हा इशारा असेल तर शंकेला जागाच नाही. व्हिज्युअल स्टुडिओत वरच्या पट्टीवर एक्स८६ ऐवजी एक्स६४ निवडा. प्रोग्रॅम बांधला जातो पण सुरू होताना '०एक्ससी०००००७बी' हा आकडा दाखवून पडतो, तेही बिटांच्याच भांडणाचं लक्षण. डीएलएल सापडत नाही असा निरोप आला तर ती फाइल ईएक्सईच्या शेजारी ठेवा. सिस्टिम३२ मध्ये कॉपी करू नका. पुढे दुसरा प्रोग्रॅम ती जुनी प्रत उचलतो आणि कारण शोधता सापडत नाही.

पायऑडिओ बसवताना 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० ऑर ग्रेटर इज रिक्वायर्ड' दिसलं, तर तुमच्या पायथन आवृत्तीसाठी तयार व्हील नाही म्हणून पिप कंपाइल करायला गेलं आहे. पायथनची नवी आवृत्ती निघाली की काही काळ असं होतं. एक आवृत्ती मागचा पायथन घेणं हा त्यावरचा सरळ उपाय.

मॅकओएस

पहिली पायरी कमांड लाइन टूल्सची: 'एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल'. पूर्ण एक्सकोड लागत नाही. दुसरी, होमब्र्यू (मॅकवरचा पॅकेज मॅनेजर) असेल तर 'ब्र्यू इन्स्टॉल पोर्टऑडिओ पीकेजीकॉन्फ'. काम इतकंच.

अडचण येते ती ॲपल सिलिकॉनच्या मशीनवर. इंटेल मॅकवर होमब्र्यू सगळं '/यूएसआर/लोकल' मध्ये ठेवतं आणि कंपायलर तिथे आपोआप बघतो. एम१ आणि नंतरच्या मशीनवर होमब्र्यूचं घर '/ऑप्ट/होमब्र्यू' आहे, आणि तिकडे कंपायलर आपणहून जात नाही. म्हणून 'पिप इन्स्टॉल पायऑडिओ' करताना "पोर्टऑडिओ.एच फाइल नॉट फाउंड" येतं, जरी ब्र्यू म्हणत असलं की लायब्ररी बसली आहे. दोन्ही खरं बोलत असतात. त्याच टर्मिनलमध्ये आधी हे दोन व्हेरिएबल एक्स्पोर्ट करा:

'सीफ्लॅग्ज' ची किंमत: '-आय/ऑप्ट/होमब्र्यू/इन्क्लूड'
'एलडीफ्लॅग्ज' ची किंमत: '-एल/ऑप्ट/होमब्र्यू/लिब'

व्हेरिएबलांची नावं मोठ्या अक्षरांत, आणि '-आय' व '-एल' ही अक्षरंही मोठी. त्यांच्या आणि पत्त्याच्या मध्ये रिकामी जागा नको. मग पिपची आज्ञा पुन्हा द्या, पण या वेळी '--नो-कॅश-डिर' जोडून, म्हणजे पूर्वी अर्धवट बांधलेलं काही उचललं जाणार नाही. आज्ञेआधी 'सुडो' लावलात तर एक्स्पोर्ट केलेले व्हेरिएबल गळून पडतात आणि तीच त्रुटी परत येते.

दुसरी अडचण रोझेटाची, म्हणजे ॲपल सिलिकॉनवर इंटेलचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीची. जुन्या मॅकवरून सगळं नव्यावर हलवलं असेल तर पायथन इंटेलचा आणि ब्र्यूची लायब्ररी आर्मची, असा संसार मांडला जातो. 'इनकम्पॅटिबल आर्किटेक्चर' असे शब्द त्रुटीत दिसले की 'फाइल' या आज्ञेला आधी पायथनचा आणि मग डायलिबचा पूर्ण पत्ता द्या आणि दोन्ही उत्तरं ताडून बघा. एक 'एक्स८६_६४' आणि दुसरं 'आर्म६४' असेल तर आर्मचा पायथन नव्याने बसवा, आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटही नव्याने बनवा. जुनं एन्व्हायर्नमेंट जुन्याच पायथनला धरून असतं.

स्रोतापासून बांधताना 'कॉन्फिगर' आज्ञेला '--डिसेबल-मॅक-युनिव्हर्सल' हा पर्याय द्या. तो नसेल तर बांधणी एकाच वेळी अनेक प्रोसेसरांसाठी प्रयत्न करते आणि नव्या एसडीकेवर अडकते.

आता परवानगी. २०१८ च्या मोहावे, म्हणजे १०.१४ पासून, मायक्रोफोन वापरायला वापरकर्त्याची परवानगी लागते. टर्मिनलमधून चालवलेल्या प्रोग्रॅमसाठी ही परवानगी टर्मिनलच्या नावावर नोंदते, आणि एडिटरच्या आतल्या टर्मिनलमधून चालवलात तर एडिटरच्या नावावर. परवानगी नसेल तर त्रुटी येत नाही, रेकॉर्डिंग नीट होतं, फक्त प्रत्येक सॅम्पल (आवाजाचा मोजलेला आकडा) शून्य असतं. सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' आणि त्यात 'मायक्रोफोन' इथे तुमच्या टर्मिनलचं बटण चालू करा आणि टर्मिनल पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. यादीत टर्मिनलचं नावच नसेल तर 'टीसीसीयूटिल रिसेट मायक्रोफोन' ही आज्ञा द्या, त्यात 'मायक्रोफोन'चं पहिलं अक्षर मोठं. पुढच्या वेळी परवानगीची खिडकी पुन्हा उघडेल. यामुळे इतर सगळ्या ॲपना दिलेली मायक्रोफोनची परवानगीही जाते, हे लक्षात असू द्या. विंडोज १० आणि ११ वरही असंच एक बटण आहे: सेटिंग्ज, प्रायव्हसी, मायक्रोफोन, आणि तिथे डेस्कटॉप ॲपना मुभा देणारी वेगळी ओळ. वरचं बटण चालू पण ही ओळ बंद, असं असेल तरीही तुमचा प्रोग्रॅम बहिराच राहतो.

लिनक्स

डेबियन, उबुंटू आणि त्यांच्या वंशातल्या सिस्टिमवर दोन पॅकेजं ओळखून घ्या. 'लिबपोर्टऑडिओ२' ही नुसती चालवायची लायब्ररी, आणि 'पोर्टऑडिओ१९-डेव्ह' मध्ये हेडर आणि लिंकरला लागणाऱ्या जोडण्या. नावातला १९ हा एपीआयच्या आवृत्तीचा आकडा आहे, २ हा फाइलच्या नावातला, 'लिबपोर्टऑडिओ.एसओ.२' मधला. दोन्ही एकाच पोर्टऑडिओचे भाग, कुठलंच जुनं नाही.

साउंडडिव्हाइससाठी: 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबपोर्टऑडिओ२'
पायऑडिओसाठी: 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल पायथन३-डेव्ह पोर्टऑडिओ१९-डेव्ह', आणि मग एन्व्हायर्नमेंटमध्ये पिप.

फेडोरावर डेव्हलपमेंट पॅकेजचं नाव 'पोर्टऑडिओ-डेव्हेल'. आर्चवर नुसतं 'पोर्टऑडिओ', हेडर त्यातच असते.

सी प्रोग्रॅम कंपाइल करताना पत्ते हाताने लिहू नका, 'पीकेजी-कॉन्फिग --सीफ्लॅग्ज --लिब्ज पोर्टऑडिओ-२.०' ला विचारा आणि त्याचं उत्तर जीसीसीच्या आज्ञेत घाला. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्रोत फाइल, मग लायब्ररी. उलट केलंत तर उबुंटूवर 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू पीए_इनिशियलाइझ' मिळेल, कारण लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो आणि त्या क्षणापर्यंत कोणाला नको असलेली लायब्ररी टाकून देतो. हेडर सापडली, लायब्ररीही आहे, तरी लिंक होत नाही, अशा कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा हेच.

वितरणातली पॅकेजं पुरेशी आहेत. स्रोतापासून बांधण्याची वेळ क्वचित येते. आली तर पहिली पायरी अशी: 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल पीकेजी-कॉन्फिग लिबअसाउंड२-डेव्ह लिबजॅक-जॅकडी२-डेव्ह'. मग एप्रिल २०२१ चं १९.७.० हे स्थिर संकुल उलगडून त्या फोल्डरमध्ये './कॉन्फिगर' द्या आणि थांबा. शेवटी एक सारांश छापला जातो, त्यात 'अल्सा' समोर 'यस' आहे ना बघा. 'नो' असेल तर मेक करून उपयोग नाही. लिबअसाउंडची डेव्हलपमेंट फाइल बसवा, 'मेक क्लीन' करा आणि कॉन्फिगर पुन्हा चालवा. नंतर 'मेक', 'सुडो मेक इन्स्टॉल', आणि शेवटी 'सुडो एलडीकॉन्फिग'. शेवटची आज्ञा विसरली तर '/यूएसआर/लोकल/लिब' मधली नवी फाइल सिस्टिमच्या नोंदवहीत जात नाही आणि प्रोग्रॅम 'कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल' म्हणून पडतो.

बांधणीनंतर 'बिन' फोल्डरमध्ये 'पीएइएक्स_साइन' नावाचा चाचणीचा प्रोग्रॅम मिळतो. तो पाच सेकंद सूर वाजवतो.

प्रोग्रॅम सुरू होताना अल्सा 'अननोन पीसीएम' आणि 'रिअर', 'सेंटर_एलएफई' असल्या ओळींचा पाऊस पाडतं, त्यात 'जॅक सर्व्हर इज नॉट रनिंग' अशीही ओळ असते. यांना घाबरू नका. पोर्टऑडिओ अल्साच्या जुळणीतलं प्रत्येक नाव उघडून बघते, आणि तुमच्याकडे मागचे स्पीकर नाहीत एवढंच ते सांगत असतं. बिघाड असेल तर तो या गर्दीच्या खाली, शेवटच्या ओळीत असतो.

आजच्या वितरणांत आवाजाचा कारभार पाइपवायर बघतं, फेडोरा ३४ आणि उबुंटू २२.१० पासून ते मूळचंच असतं. पोर्टऑडिओ अल्साच्या 'डिफॉल्ट' उपकरणातून त्यापर्यंत पोचते, त्यासाठी 'पाइपवायर-अल्सा' हे पॅकेज बसलेलं असावं. यादीत 'एचडब्ल्यू:०,०' अशी कच्ची उपकरणंही दिसतात. ती थेट उघडली तर उपकरण तुमच्याकडे एकट्याकडे राहतं, आणि पाइपवायरने आधीच धरलेलं असेल तर उणे ९९८५ ही 'उपकरण उपलब्ध नाही' अशी त्रुटी मिळते. साध्या कामाला 'डिफॉल्ट'च घ्या. आणि प्रोग्रॅम 'सुडो' ने चालवू नका. पाइपवायर तुमच्या लॉगिनचं असतं, रूटला ते दिसत नाही.

कॉन्डा (पायथनवाले वापरतात तो आणखी एक पॅकेज मॅनेजर) वापरणाऱ्यांना वेगळाच अनुभव येतो. त्यातली पोर्टऑडिओ आपल्यासोबत स्वतःचं अल्सा आणते, आणि त्या अल्साला सिस्टिमचे पल्स (पल्सऑडिओ, पाइपवायरच्या आधीची आवाजव्यवस्था) किंवा पाइपवायरचे प्लगइन सापडत नाहीत. यादी अपुरी दिसते. अशा वेळी त्या कामापुरतं साधं व्हेन्व्ह आणि सिस्टिमची लायब्ररी बरी.

विंडोजच्या आत डब्ल्यूएसएल (विंडोजमधलं लिनक्स) चालवत असाल तर तिथे साउंड कार्डच नसतं, फक्त डब्ल्यूएसएलजीचा पल्स सर्व्हर असतो. 'लिबअसाउंड२-प्लगइन्स' बसवा आणि घरच्या फोल्डरमधल्या '.असाउंडआरसी' फाइलमध्ये 'पीसीएम.!डिफॉल्ट' चा प्रकार 'पल्स' ठेवा. डॉकरमध्ये कंटेनर सुरू करताना '--डिव्हाइस /डेव्ह/एसएनडी' द्यावं लागतं, नाहीतर उपकरणं शून्य.

रास्पबेरी पाय

आज्ञा डेबियनच्याच. फरक हार्डवेअरचा आहे. पायच्या कुठल्याच बोर्डवर मायक्रोफोनची जागा नाही, आणि पाय ५ व झीरोवर ३.५ मिलिमीटरचं हेडफोन छिद्रही नाही. त्यामुळे यूएसबी मायक्रोफोन किंवा साउंड कार्ड लावल्याशिवाय इनपुट उपकरण दिसण्याची अपेक्षा ठेवू नका. 'अरेकॉर्ड -एल' ने इनपुट आणि 'एप्ले -एल' ने आउटपुट कार्डं बघा. इथला 'एल' लहान आहे, मोठा दिला तर वेगळीच यादी येते. तिथे कार्ड नसेल तर पोर्टऑडिओमध्ये शोधण्यात वेळ घालवू नका, केबल आणि वीजपुरवठा तपासा.

बसलं की नाही ते तपासणं

'पायथन -एम साउंडडिव्हाइस' ही आज्ञा उपकरणांची पूर्ण यादी देते: क्रमांक, नाव, होस्ट एपीआय, आणि कंसात इनपुट व आउटपुट चॅनलची संख्या. '>' म्हणजे मूळ (डिफॉल्ट) इनपुट, '<' म्हणजे मूळ आउटपुट, '*' म्हणजे दोन्ही. विंडोजवर एकच मायक्रोफोन तीन-चारदा दिसतो, कारण प्रत्येक होस्ट एपीआय त्याला वेगळं मोजतो. एमएमईतली नावं ३१ अक्षरांवर कापली जातात, त्यामुळे अर्धवट नाव दिसलं तर तो बिघाड नव्हे.

कोडमध्ये क्रमांक पक्का लिहू नका. यूएसबीचं एखादं उपकरण काढलं-घातलं की क्रमांक सरकतात. नावाचा तुकडा द्या, साउंडडिव्हाइस तो जुळवून घेते. प्रोग्रॅम चालू असताना नवा मायक्रोफोन लावलात तर तो यादीत येत नाही. पोर्टऑडिओ यादी एकदाच, 'पीए_इनिशियलाइझ' च्या वेळी बनवते. ती ताजी करायला 'पीए_टर्मिनेट' करून पुन्हा इनिशियलाइझ करावं लागतं.

मग दोन सेकंद रेकॉर्ड करा आणि सॅम्पलांची सर्वांत मोठी किंमत छापा. नेमकं शून्य आलं तर परवानगी. शून्याच्या जवळ पण शून्य नाही, तर मायक्रोफोनची पातळी खाली आहे किंवा भलतंच इनपुट निवडलं गेलं आहे.

त्रुटीचे आकडे ओळखता आले की अर्धा शोध वाचतो. उणे ९९९६ म्हणजे उपकरण चुकीचं, बहुधा मूळ उपकरण ठरलेलंच नाही. उणे ९९९८ म्हणजे चॅनलची संख्या जमत नाही. लॅपटॉपच्या एका चॅनलच्या मायक्रोफोनकडे दोन मागितले की हमखास हाच येतो. उणे ९९८१ म्हणजे इनपुटचा बफर भरून वाहिला, तुमचा कोड वेळेत वाचत नाही. उणे ९९९९ म्हणजे खालच्या यंत्रणेने दिलेली अनपेक्षित त्रुटी, तिथे सोबतचा मजकूर वाचावा लागतो.

उणे ९९९७ वर जरा जास्त बोलायला हवं, कारण तो चांगल्या चालत्या कोडलाही गाठतो. त्याचा अर्थ सॅम्पल रेट (सेकंदाला किती सॅम्पल) चालणार नाही. वासापीच्या शेअर्ड मोडमध्ये विंडोजच्या सेटिंगमध्ये ठरलेलाच रेट चालतो. तिथे ४८००० असेल आणि कोडमध्ये ४४१०० लिहिलेलं असेल, तर नकार. तोच कोड एमएमईवर चालतो, कारण एमएमई मागे रूपांतर करून देतं. लिनक्सवर 'एचडब्ल्यू' उपकरण नाकारतं आणि 'डिफॉल्ट' स्वीकारतं, ते याच न्यायाने. म्हणून उपकरणालाच त्याचा मूळ रेट विचारा आणि तो वापरा, किंवा वासापीचा ऑटो कन्व्हर्ट हा पर्याय चालू करा. ब्लूटूथ हेडसेटचा मायक्रोफोन उघडताच तो कॉलच्या मोडमध्ये जातो आणि रेट ८००० किंवा १६००० वर उतरू शकतो. गाणं एकाएकी फोनवरून आल्यासारखं वाटू लागलं तर लायब्ररीला दोष देऊ नका.

आवाज येतो पण तुटक, कडकड करत येतो, तेव्हा बफर वाढवा. ४८००० च्या रेटला २५६ फ्रेमचा बफर म्हणजे ५.३ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २१.३. शिकताना १०२४ ठेवा, कमी लॅटन्सीची (विलंबाची) खरी गरज पडली की अर्धा-अर्धा करत खाली या. कॉलबॅकमध्ये (पोर्टऑडिओ प्रत्येक बफरसाठी तुमचं जे फंक्शन बोलावते त्यात) फाइल लिहिणं, मजकूर छापणं, मेमरी मागणं यांपैकी काही होत असेल तर मोठा बफरही वाचवणार नाही. लिनक्सवर ६४ फ्रेमपर्यंत जायचं असेल तर वापरकर्ता 'ऑडिओ' गटात हवा आणि त्या गटाला '/ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.डी' मध्ये 'आरटीप्रायो ९५' आणि 'मेमलॉक अनलिमिटेड' अशा मर्यादा दिलेल्या हव्यात. बदल केल्यावर लॉगआउट करून पुन्हा आत या.

एकाच मशीनवर दोन प्रती

ॲप्टची एक, स्वतः बांधलेली दुसरी, कॉन्डाची तिसरी, असं झालं की नवीन बांधलेल्या लायब्ररीतली सोय दिसत नाही. प्रोग्रॅम कोणती प्रत उचलतो ते विचारा: लिनक्सवर 'एलडीडी', मॅकवर 'ओटूल -एल' (इथे 'एल' मोठा), विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओच्या टर्मिनलमध्ये 'डम्पबिन /डिपेंडंट्स'. प्रोग्रॅमच्या आतून 'पीए_गेटव्हर्जनटेक्स्ट' छापलं, किंवा पायथनमध्ये 'साउंडडिव्हाइस.गेट_पोर्टऑडिओ_व्हर्जन()' बोलावलं, की खरी आवृत्ती कळते. नको असलेली प्रत काढायची तर ज्या वाटेने आली त्याच वाटेने काढा. ॲप्टची ॲप्टने, ब्र्यूची ब्र्यूने, आणि हाताने बांधलेली त्याच स्रोत फोल्डरमध्ये 'सुडो मेक अनइन्स्टॉल' करून. म्हणून बांधणी झाल्यावर ते फोल्डर लगेच पुसू नका. काढून झालं की लिनक्सवर 'सुडो एलडीकॉन्फिग' आणखी एकदा, आणि मग उपकरणांची यादी पुन्हा.